वायफायचा ड्रायव्हर पडला तर आख्खं मशीन का रीस्टार्ट करायचं?

वायफाय अचानक जातं. आपण आयकॉनवर क्लिक करतो, बंद करतो, परत चालू करतो, मग एअरप्लेन मोड लावून काढून बघतो, कशानेच काही होत नाही आणि शेवटी नाइलाजाने मशीन रीस्टार्ट करतो, म्हणजे उघडलेल्या सगळ्या टॅब, अर्धवट लिहिलेलं, मागे चालू असलेलं काम, सगळं एका वायफायसाठी बंद. दुसरी स्क्रीन लावल्यावर पहिलीच काळी होणं हा त्यातलाच प्रकार. मला हे खूप वर्षं नैसर्गिक वाटायचं. मशीन म्हटलं की असं होणारच. पण हार्डवेअरचा यात फारसा दोष नसतो, ड्रायव्हर कुठे बसवलाय आणि कोण कोणावर अवलंबून ठेवलंय यामुळे बरंचसं असं होतं. आणि ते बदलता येतं, काही लोकांनी बदललंय सुद्धा, त्याबद्दलच लिहितोय.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते बघू. वायफायची चिप, स्क्रीन चालवणारी चिप, यांना "हे पॅकेट पाठव" किंवा "हे चित्र दाखव" असलं काही कळत नाही. त्यांच्याकडे रजिस्टर असतात, म्हणजे ठराविक पत्त्यांवरच्या छोट्या छोट्या जागा, तिथे ठराविक आकडे ठराविक क्रमाने लिहिले की चिप काम करते. काम झालं की चिप प्रोसेसरला हाक मारते, त्याला इंटरप्ट म्हणतात. आणि मोठा डेटा असेल तर प्रोसेसरला मध्ये न घेता चिप स्वतःच मेमरीतून वाचते-लिहिते, ते डीएमए. हे तिन्ही नीट सांभाळणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. डीएमए लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लिनक्ससारख्या सिस्टिममध्ये हा प्रोग्राम कर्नलच्या आत राहतो. कर्नल म्हणजे सगळे अधिकार असलेला भाग, तिथल्या कोडला कुठलीही मेमरी वाचता येते, काहीही बदलता येतं, अडवणारं कोणी नाही. लिनक्स कर्नलचा कोड आज ३ कोटी ओळींच्या पुढे गेलाय आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा ड्रायव्हरचा आहे. २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सचा कोड तपासला तेव्हा ड्रायव्हरमध्ये चुकांचं प्रमाण बाकीच्या कर्नलपेक्षा ३ ते ७ पट निघालं होतं. म्हणजे सगळ्यात जास्त चुका जिथे होतात तोच कोड सगळ्यात जास्त अधिकारांच्या जागी बसवलाय. १९ जुलै २०२४ आठवत असेल, क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली, तो ड्रायव्हर हार्डवेअरचा नव्हता, सुरक्षा सॉफ्टवेअरचा होता, पण तोही कर्नलमध्ये बसलेला, म्हणून तो पडला की मशीन पडलं. अर्थात विंडोजमध्ये काहीच सोय नाही असं नाही, व्हिस्टापासून ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडकला तर तेवढाच रीसेट करायची व्यवस्था आहे, स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते ती त्यामुळेच. पण ती एका प्रकारच्या ड्रायव्हरसाठी वेगळी बांधलेली सोय झाली.

आता दुसरा रस्ता. कर्नल अगदी छोटा ठेवायचा, त्यात फक्त प्रोग्राम एकमेकांपासून वेगळे ठेवणं, त्यांना प्रोसेसरवर वेळ वाटून देणं आणि त्यांचे निरोप पोचवणं एवढंच, बाकी सगळं बाहेर. याला मायक्रोकर्नल म्हणतात. किती छोटा? सेल४ नावाचा कर्नल, ज्याचा कोड त्याच्या स्पेसिफिकेशनप्रमाणेच वागतो हे २००९ मध्ये गणिताने सिद्ध केलं गेलं, तो तेव्हा सी भाषेच्या साधारण ८,७०० ओळींचा होता. ३ कोटी आणि ८,७००. अशा छोट्या कर्नलवर सुट्या सुट्या भागांची पूर्ण सिस्टिम उभी करायची असं काम जर्मनीत ड्रेस्डेनला सुरू झालेल्या जीनोड प्रकल्पात २००८ पासून उघडपणे चाललंय, सेल४ धरून बऱ्याच वेगवेगळ्या कर्नलवर ते चालतं आणि त्याच्यावर बांधलेली रोजच्या वापराची सिस्टिम म्हणजे स्कल्प्ट ओएस. गूगलची फुशिया पण याच जातकुळीतली, पण मी पुढची उदाहरणं जीनोडचीच घेतोय कारण त्यात ही गोष्ट सगळ्यात स्वच्छ दिसते.

तिथे वायफायचा ड्रायव्हर हा एक साधा प्रोग्राम असतो, कॅल्क्युलेटरसारखा. त्याला जन्मतः काहीही मिळत नाही. त्याच्या वरचा प्रोग्राम ठरवतो की याला एवढी मेमरी, एवढा प्रोसेसर, आणि प्लॅटफॉर्म ड्रायव्हर नावाचा एक वेगळा भाग त्याला फक्त त्याच्या चिपचे रजिस्टर आणि त्याच चिपचा इंटरप्ट देतो. डिस्कचं नाव पण त्याला माहीत नसतं. "परवानगी नाही" असा नकार मिळण्याचा प्रश्नच येत नाही कारण मागायचं कोणाकडे तेच त्याच्याकडे नाही.

इथे डीएमए परत येतो. ड्रायव्हर कितीही बंद खोलीत ठेवला तरी तो त्याच्या चिपला सांगू शकतो की अमुक पत्त्यावर जाऊन लिही, आणि चिप ते इमानेइतबारे करते, मग तिथे दुसऱ्या कोणाची मेमरी का असेना. म्हणजे दार बंद केलं पण खिडकी उघडी राहिली. त्यावर उपाय म्हणजे आयओएमएमयू, इंटेलच्या मशीनमध्ये त्याला व्हीटी-डी म्हणतात, हे हार्डवेअर चिप आणि मेमरीच्या मध्ये उभं राहतं आणि या चिपला मेमरीच्या फक्त याच पानांपर्यंत, म्हणजे ठरवून दिलेल्या तुकड्यांपर्यंत जाता येईल असं बघतं. माझं मत विचाराल तर आयओएमएमयू बंद ठेवून "आमचे ड्रायव्हर वेगळे आहेत" म्हणण्याला फारसा अर्थ नाही, चुकून होणाऱ्या गडबडीपासून बचाव होतो, मुद्दाम केलेल्या हल्ल्यापासून नाही.

मग हे ड्रायव्हर लिहितं कोण? हा या सगळ्यातला सगळ्यात अवघड भाग आहे, आणि नवीन ओएस बनवणाऱ्या बहुतेकांची इथेच दमछाक होते. इंटेलच्या वायफायचा आयडब्ल्यूएल-वायफाय किंवा ग्राफिक्सचा आय-९१५, हे ड्रायव्हर लिनक्समध्ये वर्षानुवर्षं कंपनीच्या इंजिनियरांनी लिहिलेत, दर नव्या चिपसाठी त्यात भर पडते, चिपच्या बारीकसारीक खोडी त्यांनाच माहीत. चार-पाच जणांची टीम हे शून्यातून लिहू शकत नाही. म्हणून लिनक्सचाच ड्रायव्हर उचलायचा आणि एका वेगळ्या प्रोग्रामच्या आत त्याला असं वातावरण उभं करून द्यायचं की त्याला वाटलं पाहिजे आपण लिनक्समध्येच आहोत.

हे बोलायला सोपं आहे. लिनक्सचा ड्रायव्हर कर्नलकडून शेकडो गोष्टी मागतो, मेमरी दे, टायमर लाव, हे काम नंतरसाठी रांगेत टाक, हा थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला कामाचा एक धागा, झोपव. जुनी पद्धत अशी होती की प्रत्येक ड्रायव्हरसाठी लागतील तेवढी फंक्शनं आणि त्यांच्या व्याख्या हाताने लिहून काढायच्या, अगदी नेमकं तेवढंच. कोड छोटा राहायचा, दिसायला सुंदर. पण लिनक्स आपल्या आतल्या रचना स्थिर ठेवायचं वचन देत नाही, ते मुद्दामच तसं ठरवलंय, त्यामुळे लिनक्सची नवी आवृत्ती आली की हाताने लिहिलेलं सगळं जुळेनासं व्हायचं, आणि नवं व्हर्जन तर घ्यावंच लागतं कारण नव्या लॅपटॉपची चिप जुन्या ड्रायव्हरला ओळखताच येत नाही. एकेका ड्रायव्हरवर महिने जायचे आणि पुढच्या वेळी परत तेच.

२०२१ च्या सुमारास जीनोडवाल्यांनी ही पद्धत मुळापासून बदलली. आता लिनक्सच्या मूळ हेडर फाइली, म्हणजे फंक्शनं आणि रचनांच्या व्याख्या असलेल्या फाइली, जशाच्या तशा वापरायच्या, कर्नल आधी अगदी कमीत कमी पर्यायांवर कॉन्फिगर करायचा, त्या कॉन्फिगरेशनवर तो ड्रायव्हर खऱ्या लिनक्समध्ये चालतो का ते आधी बघायचं, मग त्यातल्या नेमक्या लागणाऱ्या सी फाइली उचलायच्या. जी फंक्शनं कमी पडतात त्यांची यादी एक टूल स्वतःच काढतं आणि प्रत्येकाच्या जागी एक डमी टाकतं. डमीचं काम एकच, कोणी बोलावलं तर स्वतःचं नाव छापायचं आणि थांबायचं. मग प्रोग्राम चालवायचा, तो कुठल्यातरी डमीवर थांबतो, नाव दिसतं, तेवढं एक खरं लिहायचं किंवा लिनक्सची मूळ फाइल जोडायची, परत चालवायचं, पुढच्या डमीवर थांबतो, परत तेच. असं करत करत एक दिवस स्क्रीन पेटते. मला ही पद्धत फार आवडते कारण यात अंदाज बांधायला जागाच नाही, जे बोलावलंच जात नाही ते कोणी लिहीत बसत नाही, आणि पुढच्या आवृत्तीला बहुतेक काम टूल परत करून देतं.

आतली एक गंमत सांगतो, लिनक्सच्या ड्रायव्हरला वाटत असतं की भोवती बरेच थ्रेड एकाच वेळी चाललेत, पण त्या प्रोग्रामच्या आत ते सगळे आळीपाळीने चालवले जातात, एकाने स्वतःहून थांबून जागा दिली की दुसरा. एका वेळी एकच चालत असल्यामुळे लॉकिंगची, म्हणजे एकाच डेटाला एका वेळी एकानेच हात लावावा यासाठीची, भांडणं बरीच कमी होतात. पण वेळेचं गणित मात्र सांभाळावं लागतं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर रजिस्टरमध्ये काही लिहून थोडा वेळ थांबतो आणि मग उत्तर बघतो, हा थोडा वेळ म्हणजे कधीकधी मायक्रोसेकंदांत मोजायचा, टायमर ढिला असेल तर मॉनिटरशी बोलणी जुळत नाहीत आणि ड्रायव्हरमध्ये चूक शोधत बसावं लागतं जी तिथे नसतेच.

वायफायकडे वळू. वायफायचा ड्रायव्हर एकटा कधीच येत नाही, मागे आख्खं बिऱ्हाड असतं. चिपशी बोलणारा भाग, त्याच्यावर ८०२.११ चे, म्हणजे वायफायच्या मानकाचे, नियम सांभाळणारा भाग, कुठल्या देशात कुठले चॅनेल आणि किती पॉवर चालेल याची नोंद, आणि डब्ल्यूपीए-सप्लिकंट, म्हणजे पासवर्ड घेऊन राउटरशी हातमिळवणी करणारा प्रोग्राम. चिपच्या आत परत स्वतःचा छोटा प्रोसेसर, त्याच्यावर चालणारं फर्मवेअर कंपनीचं, बंद पेटीतलं. २०१७ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरोने दाखवून दिलं होतं की ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपमधल्या चुका वापरून, फोनला हात न लावता, हवेतूनच आधी चिप आणि मग पुढे फोनचा मुख्य प्रोसेसर ताब्यात घेता येतो. वायफायचा ड्रायव्हर अनोळखी लोकांनी पाठवलेल्या लहरी वाचतो, आपण कुठल्या नेटवर्कला जोडलेलो नसलो तरी वाचतो, स्कॅन म्हणजे तेच तर असतं. म्हणून मशीनमधला कुठला एकच ड्रायव्हर वेगळा काढायचा असं कोणी विचारलं तर मी हाच सांगेन.

जीनोडमध्ये डब्ल्यूपीए-सप्लिकंट ड्रायव्हरच्याच कंपोनंटमध्ये ठेवलाय. म्हणजे ड्रायव्हर कोणी फोडला तर वायफायचा पासवर्ड गेला. हे आदर्श नाही, पण त्या दोघांचं बोलणं इतकं गुंतलेलं आहे की तोडायला गेलं तर मध्ये नवीन कोड लिहावा लागतो आणि त्यात नवीन चुका येतात. आणि फोडणाऱ्याच्या हाती काय लागतं ते बघा. पासवर्ड आणि येणारी-जाणारी पॅकेट. ब्राउझर आणि वेबसाइटमधलं बोलणं एन्क्रिप्टेड असतं ते तो वाचू शकत नाही, फाइली, कीबोर्ड, स्क्रीन यांच्यापर्यंत तर त्याला रस्ताच नाही. बाहेरच्या जगाशी त्याचं नातं पण साधं ठेवलंय, कुठल्या नेटवर्कला जोडायचं ते त्याला कॉन्फिगरेशनच्या मजकुरात मिळतं, आसपास काय दिसतंय ते तो रिपोर्ट म्हणून लिहून देतो, ती यादी दाखवणारा प्रोग्राम वेगळा.

डिस्प्लेचं दुखणं वेगळं आहे. तिथे हल्लेखोराची भीती कमी, प्रमाण मोठं. १९२० बाय १०८० ची स्क्रीन, दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एका चित्राला ८२,९४,४०० बाइट, आणि सेकंदाला ६० वेळा पूर्ण कॉपी करायचं म्हटलं तर जवळपास ५० कोटी बाइट. सुट्या सुट्या प्रोग्रामांमध्ये हे असं फिरवलं तर बॅटरी जाणार आणि पंखा ओरडणार. म्हणून डेटा निरोपात पाठवत नाहीत, मेमरीचा तोच तुकडा दोघांना दाखवतात, आणि निरोप फक्त "एवढा चौकोन बदललाय" असा. कर्सर लुकलुकला तर तेवढाच चौकोन.

मॉनिटर लावला की काय होतं बघा, ड्रायव्हर केबलमधूनच त्याला विचारतो तू कोण, तो उत्तरात ईडीआयडी पाठवतो, कमीत कमी १२८ बाइटचा एक कागदच म्हणा, त्यात कंपनी, आकार, कुठली रिझोल्यूशन चालतात ते सगळं. ते वाचून घड्याळाचे आकडे बसवायचे, त्याला मोड सेटिंग म्हणतात. या सगळ्यात इतकी गुंतागुंत आहे की आय-९१५ चा ड्रायव्हर चाललाच नाही तर हाताशी साधा पर्याय लागतो, मशीन सुरू होताना फर्मवेअरने जी स्क्रीन पेटवलेली असते तीच मेमरी घेऊन चित्र दाखवत राहायचं. रिझोल्यूशन बदलत नाही, दुसरा मॉनिटर चालत नाही, पण समोर काहीतरी दिसतं आणि काय बिघडलंय ते बघता येतं.

आता मूळ प्रश्नाकडे, वायफाय पडलं तर मशीन का रीस्टार्ट करायचं. ड्रायव्हर वेगळ्या प्रोग्राममध्ये टाकला म्हणजे तो मेला तर परत चालू करायचा, एवढं सोपं वाटतं ना? पण सुरुवातीला तसं होत नव्हतं. कारण रचना अशी होती की ड्रायव्हर सेवा देणारा आणि बाकीचे त्याचे ग्राहक. विंडो सांभाळणारा प्रोग्राम, जीनोडमध्ये त्याचं नाव निटपिकर, हा स्क्रीनच्या ड्रायव्हरकडून फ्रेमबफर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र ठेवायची मेमरी, घ्यायचा. ड्रायव्हर मेला की निटपिकरच्या पायाखालची जमीन गेली, निटपिकर गेला की त्याच्यावर बसलेले सगळे प्रोग्राम गेले. भिंती तर बांधल्या होत्या, पण पाया सगळ्यात कच्च्या विटेवर होता.

२०.०८ म्हणजे ऑगस्ट २०२० च्या आवृत्तीत त्यांनी हे नातं उलटं केलं. आता निटपिकर सेवा देतो आणि ड्रायव्हर त्याचा ग्राहक. ड्रायव्हर येतो, म्हणतो माझ्याकडे एवढ्या आकाराची स्क्रीन आहे, मला चित्र द्या, आणि निटपिकरकडून पिक्सेल घेऊन स्क्रीनवर टाकतो. या जोडणीला त्यांनी कॅप्चर सेशन नाव दिलं. ड्रायव्हर मेला? निटपिकरचा एक ग्राहक गेला, बास. विंडो जिथल्या तिथे, प्रोग्राम चालूच, फक्त बघायला स्क्रीन नाही. नवा ड्रायव्हर आला की परत चित्र मागतो आणि सगळं होतं तसं समोर येतं. स्क्रीनशॉट घेणारा प्रोग्राम पण याच दारातून येऊ शकतो, निटपिकरला त्यात आणि ड्रायव्हरमध्ये काही फरक वाटत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नेटवर्कला पण हेच लावलं. आधी राउटर (घरातला डबा नव्हे, मशीनच्या आत प्रोग्रामांची पॅकेट इकडून तिकडे पोचवणारा जीनोडचा प्रोग्राम) हा वायफाय ड्रायव्हरचा ग्राहक होता, आता ड्रायव्हर राउटरकडे येऊन अपलिंक सेशन उघडतो. ड्रायव्हर गेला तर राउटरला एवढंच कळतं की बाहेरचा रस्ता सध्या बंद आहे, आणि आतल्या प्रोग्रामांना वाटतं केबल क्षणभर निघाली होती.

मला यातली खरी ताकद इथे दिसते, कारण एका बदलातून बाकीच्या कितीतरी गोष्टी सोप्या होतात. ड्रायव्हरची नवी आवृत्ती टाकायची तर जुना काढायचा, नवा लावायचा, काम चालू ठेवून, आणि नवा बिघडलेला निघाला तर परत जुना. लॅपटॉप झोपवताना प्रत्येक ड्रायव्हरने आपली अवस्था बरोबर जपून ठेवणं आणि उठल्यावर बरोबर परत आणणं हे सगळीकडेच चुकांचं माहेरघर आहे, त्यापेक्षा झोपायच्या आधी ड्रायव्हर सरळ बंद करायचा आणि उठल्यावर नवा कोरा चालू करायचा, हा मार्ग इथे बऱ्याच ड्रायव्हरसाठी खुला होतो. आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्याला मशीन न रीस्टार्ट करता दिवसात पन्नास वेळा बदल करून बघता येतो, दुरुस्तीचा वेग त्यानेच वाढतो.

पण एक गाठ उरते. प्रोग्राम मेला तरी चिप मरत नाही. वायफायची चिप अजून जुन्या ड्रायव्हरने दिलेल्या पत्त्यावर पॅकेट टाकायच्या बेतात असू शकते, आणि ती मेमरी आता दुसऱ्या कोणाला दिली गेली तर? म्हणून क्रम महत्त्वाचा. ड्रायव्हरचं सेशन संपलं की आधी प्लॅटफॉर्म ड्रायव्हरने त्या चिपचा डीएमए बंद करायचा, आयओएमएमयूमधून ती पानं काढायची, मगच मेमरी परत घ्यायची. आणि नव्या ड्रायव्हरला चिप कुठल्या अवस्थेत सापडेल याची खात्री नसते, त्यामुळे त्याने ती आधी पूर्ण रीसेट करायला हवी. काही चिप नीट रीसेट होतात, काही होत नाहीत, वीज गेल्याशिवाय भानावरच येत नाहीत. तेवढ्यांसाठी मात्र अजूनही मशीन बंद करून चालू करावं लागतं.